चालकाशी बोलू नये

एकतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला गिअर शिकवायला जाणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं, असं ड्रायव्हरबाईंचं स्पष्ट मत होतं. हे मत त्या लेकीला दिवसातून दोनदा ऐकवत. लेक आईच्या सोललेल्या गुडघ्याकडे फक्त एकदा बघायची, तेवढं पुरायचं.

निवृत्त होऊन महिना झाला आणि लेकीनं दारात नवी कोरी रेसिंगची सायकल आणून उभी केली. टायर बोटाएवढे, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बाई अंगानं भरलेल्या. सायकलकडे पाहून त्या म्हणाल्या, "ही मला नेणार की मी हिला?"

"दोघी मिळून जा," लेक म्हणाली. "मी पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू व्हायला जाणार. त्याच्या आधीच्या रविवारी आपण टेकडी चढायची. तू आणि मी, दोघींनी. न उतरता."

टेकडी म्हणजे बाईंचा जुना मार्ग. चार किलोमीटरचा चढ, नऊ वळणं आणि वर शेवटचा थांबा. लेकीचा बाप ती दीड वर्षाची असतानाच गेलेला. रविवारी शाळा बंद, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून रविवारच्या फेऱ्यांना ती आईबरोबर बसमध्ये. पहिल्या बाकावर बसायची. तिची जीभ क्षणभर टाळूला टेकत नसे, म्हणून डेपोतल्या लोकांनी नाव ठेवलं होतं टकळी. पण तिच्या बरोबर समोर पाटी होती: 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' पाटी सगळ्या प्रवाशांसाठी, आणि आई नियमाची पक्की. बस हलली की टकळी बंद. एवढीशी पोर ओठ मिटून नऊ वळणं जायची आणि नऊ वळणं यायची.

त्यामुळं आता लेकीनं रविवार मागितला आणि बाईंना नाही म्हणता येईना. तिचा एक रविवार तिला परत द्यायचा, तोही पाय जमिनीला न टेकवता, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. हातात तीन आठवडे होते. एकतीस वर्षं गिअर टाकणाऱ्या बाईला तीन आठवडे म्हणजे डाव्या हातचा मळ.

पहिल्याच दिवशी तो मळ चेनच्या तेलासकट दोन्ही हातांना लागला.

गिअर सापडेचना. लेकीनं दाखवलं, उजव्या ब्रेकची दांडी आत ढकलली की पाय हलका, तिच्यामागची छोटी पट्टी दाबली की जड.

"ब्रेक आणि गिअर एकाच दांडीत?" बाई म्हणाल्या. "ज्यानं केलंय त्याला एकदा आमच्या डेपोत घेऊन ये."

डेपोमागच्या सपाट रस्त्यावर त्या निघाल्या. वेग आला. बाईंनी झोकात पाय थांबवले, दांडी ढकलली, क्षणभर थांबल्या आणि मग सगळं वजन टाकून पाय दाबला. खडाड! चेन उतरली, पाय रिकामा फिरला आणि बाई कडेच्या गवतात.

लेक धावत आली. "लागलं का? आई, तू पाय का थांबवलेस?"

"मग? क्लच नको दाबायला?"

लेक रस्त्यातच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाईंनी आधी राग धरून पाहिला, तो टिकला नाही.

"अगं, बसमध्ये इंजिन वेगळं आणि तू वेगळी," लेक म्हणाली. "इथं इंजिन तूच. पाय थांबले की चेन थांबली, मग गिअर बदलणार कसा? पाय फिरतेच ठेवायचे, फक्त जोर थोडा काढायचा."

डोक्याला पटलं. पायांना पटायला आठवडा गेला. सपाटीवर एकदा जमलं तेव्हा चेन इतकी गुपचूप सरकली, की बाईंनी खात्री करायला खाली वाकून पाहिलं आणि एका कचऱ्याच्या डब्याला घासून गेल्या. डबा त्यांच्यापेक्षा जास्त हलला, असं त्या नंतर सांगत.

पण चढ म्हणजे चढ. दुसऱ्या रविवारी टेकडीवर रंगीत तालीम झाली आणि तिसऱ्याच वळणावर बाई उतरल्या. मांड्या पेटल्या होत्या, गिअर हलायचं नाव घेत नव्हता. त्या सायकल हातात धरून चालत असताना मागून त्यांचीच जुनी बस आली. चालवणाऱ्या पोरीला बाईंनीच तयार केलेलं. तिनं मायेनं हॉर्न दिला आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत त्यांनी चढावर गाडी एकदाही बंद पाडलेली नव्हती.

"तू इंजिन कण्हायची वाट बघतेस," लेक म्हणाली. "बसला ते चालतं. इथं गुडघे कण्हेपर्यंत उशीर झालेला असतो. चढ दिसला की गिअर हलका करायचा, लागल्यावर नाही."

"आणि बरोबर गिअर कुठला, ते कळायचं कसं? इथं काटा नाही, आवाज नाही."

"बोलत राहायचं. बोलता येतंय तोवर गिअर बरोबर. वाक्य मध्येच तुटलं की एक हलका."

बाईंनी सायकल दोन पावलं पुढं ढकलली. मग म्हणाल्या, "गाडी चालवताना मी बोलत नाही."

"माहीत आहे," लेक म्हणाली. ती हे दुसरीकडे बघत म्हणाली.

ते दोन शब्द बाईंना आठवडाभर टोचत राहिले. त्या रोज सकाळी एकट्याच टेकडीच्या पायथ्याशी जात आणि पहिली तीन वळणं चढून परत येत. बोलायचं काय, हे सुचेना, म्हणून त्या थांबे म्हणत. दवाखाना, शाळा, गिरणी, पूल. गिरणीला धाप लागली की एक गिअर हलका. फिरायला जाणारी माणसं वळून बघत. बाई त्यांना मान हलवून नमस्कार करत आणि पुढचा थांबा म्हणत. शनिवारी चौथं वळणही सहज निघालं. आता आपल्याला जमतंय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या रविवारी दोघी निघाल्या. पहिलं वळण दिसलं तसं बाईंनी पायातला जोर काढला, दांडी ढकलली, चेन अलगद चढली. दुसरं, तिसरं, चौथं. बाई थांबे मोठ्यानं म्हणत होत्या. पाचव्या वळणाला हलका करायला आणखी एकच गिअर उरला होता. बाईंनी तो राखून ठेवला. शेवटचा गिअर हाताशी ठेवावा, हे त्यांना सायकलनं शिकवलेलं नव्हतं.

सहाव्या वळणावर त्यांच्या ध्यानात आलं, की शेजारी टकळी बंद आहे. पोरगी ओठ मिटून चालवतेय, अगदी त्या पहिल्या बाकावरच्यासारखी.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"या रस्त्यावर सवय नाही."

"आज मी सांगतेय ना. बोल."

अर्धं वळण लेकीनं समोर बघत काढलं. मग म्हणाली, "मला एकच विचारायचं होतं. सात वर्षांची असल्यापासून. मी तिथं बसलेय, हे तुझ्या लक्षात तरी असायचं का?"

बाईंचा श्वास अडकला. चढामुळं नव्हे. त्यांनी राखलेला गिअर टाकला.

"तो आतला आरसा आठवतो? वरचा?" त्या म्हणाल्या. "तो सगळी बस दिसावी म्हणून असतो. माझा कायम खाली वाकवलेला असायचा. डेपोच्या साहेबांनी तीनदा मेमो दिला. तिन्ही कपाटात आहेत, घरी गेल्यावर बघ. त्या आरशात एकच बाक दिसायचं."

लेकीचे पाय थांबले. तिची सायकल डगमगली.

"पाय थांबवू नकोस," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "जोर काढ, एक हलका कर. हं. आता बोल."

आणि लेक बोलायला लागली. बसमध्ये पडलेला दात, खिडकीतून खाली गेलेली चप्पल, मागच्या बाकावरचा घोरणारा माणूस, सगळं तिनं जसंच्या तसं जपून ठेवलेलं. सातवं वळण गेलं, आठवं गेलं, नववं कधी गेलं ते दोघींनाही कळलं नाही. शेवटचा थांबा समोर आला, तेव्हा तिची गोष्ट ऐन रंगात होती.

थांब्याच्या पुढचा रस्ता बाईंनी एकतीस वर्षांत पाहिलेला नव्हता. त्यांनी दोन गिअर जड केले आणि गाडी तशीच पुढं काढली.