तळ काढलेली बोट

२१ फूट

हे आकडे सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे. आमचं गाव पुलापासून नदीनं बरंच वर, पण पावसाळ्यात आम्ही घड्याळ बघत नाही, मोबाइलवर आलेले फूट बघतो. एकवीसला कुणी घाबरत नाही. छत्तीसला नदीकाठी मळ्यात राहणाऱ्या आकारामचा रस्ता पाण्याखाली जातो. बेचाळीसला त्याच्या गोठ्यात पाणी शिरतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

एकवीसला आम्ही पूरबोट शेडातून बाहेर ओढली. सोळा फुटी, फायबरची, केशरी रंग उडून बिस्किटासारखी झालेली. सरपंच क्रांती आत चढली आणि तिचा डावा पाय घोट्यापर्यंत तळात गेला.

"अगं बया," ती म्हणाली, "ही तर गादी झालीया."

कशानं झाली हे आम्हाला ठाऊक होतं. बारा वर्षं मंडळाचा गणपती याच बोटीतून नदीत जायचा. मूर्ती हलू नये म्हणून चौरंग तळाला स्क्रूनं आवळायचा. दरवर्षी चौरंग वेगळा, म्हणून भोकंही नवी. खंडेनवमीला बोटीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि आत दोन घागरी पाणी ओतून धुणं. देवाची बोट, धुवायला नको? ते पाणी भोकांतून कुठं जातं हे कुणी विचारलं नाही. खाली जायचं. पाणी खालीच जातं.

२१ फूट, अजून

दुरुस्त कोण करणार?

सगळे हरिबाकडे बघायला लागले. हरिबा आकारामचा धाकटा भाऊ. सतरा वर्षं लष्करात, तीही पूल बांधणाऱ्या, बोटी हाकणाऱ्या पलटणीत. ब्रह्मपुत्रेवर अर्ध्या तासात पूल कसा उभा राहिला, हे आम्ही त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्यातले दोघंतिघं तो स्वतः बांधल्यासारखा सांगतात.

"फौजीला सांगा," चहावाला दादासो म्हणाला. "तेनं ब्रह्मपुत्रा बांधलीया, ही तर आपली किस्ना."

हरिबा म्हणाला, "बघतो."

आमच्याकडं 'बघतो' म्हणजे नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे 'बघतो' म्हणून गेले की आई चहाच्या कपबशा आपटत धुते. पण त्या दिवशी आम्हाला हो ऐकू आलं.

"किती दिस लागतील, काका?" क्रांतीनं विचारलं.

हरिबानं बोटीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"दोन दिवसात हुतंय."

२४ फूट

ग्राइंडरनं त्यानं तळ कापला. भोकाएवढा तुकडा कापून नवा बसवायचा, असं ठरलं होतं. कापत गेला तसं पुढंही मऊच. आणखी कापला. पुढंही मऊ. वरून खाली काय निघालं ते असं:

फायबरचा पातळ थर. चांगला, कडक.

त्याच्याखाली प्लाय. चहात विसरलेल्या टोस्टसारखा. खुरप्यानं निघाला.

त्याच्याखाली पिवळा फोम. बोट बुडू नये म्हणून भरलेला. पिळला तर पाणी. एक पोतं दोघांना उचलेना.

त्याच्याखाली लांबलचक तीन वासे, बोटीला ताठ धरणारे. हातानं तुटले.

त्याच्याखाली बाहेरचं कवच. शेंगेची दोन टरफलं एकावर एक ठेवावीत एवढं जाड.

त्याच्याखाली गाव.

संध्याकाळी हरिबा त्या रिकाम्या कवचात उभा होता. सकाळपर्यंत ती तरंगणारी बोट होती. पाय मऊ पडायचा, पण तरंगायची.

"आता?" दादासोनं विचारलं.

"आता भरायचं," हरिबा म्हणाला. "दोन दिवसात हुतंय."

२७ फूट

कराडजवळच्या मलकापुरात पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा एकजण आहे. हरिबा त्याच्याकडून रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकाचा, डबा, काचेच्या धाग्यांची चटई आणि दोन बाटल्या घेऊन आला. एक जांभळी, एक पाण्यासारखी. आधी जांभळी मिसळायची, ढवळायची, मग दुसरी. दोन्ही एकमेकीत ओतायच्या नाहीत, भडका उडतो. आणि लाकूड पापडासारखं वाळलेलं पाहिजे.

हे सगळं त्यानं आम्हाला न अडखळता सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना मात्र आभाळाकडं बघितलं. पाच दिवस कपडे वाळले नव्हते.

मंडळाचे फोकस आणून आम्ही लाकडावर लावले. कुणाच्या तरी सुनेनं केस वाळवायचं मशीन दिलं. हरिबा गुडघ्यावर बसून नव्या वाशांना वारा घालत होता, बाळंतिणीला शेक द्यावा तसा.

३१ फूट (कुणी म्हणतं ३२)

वासे बसवले. चटई टाकली. रेझिन चढवलं. चार तासांत दगड होणार होतं.

चार तासांनी हरिबानं अंगठा टेकवला. अंगठ्याचा ठसा उठला.

आठ तासांनी. ठसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी. ठसा, आणि त्यात अडकलेला एक डास.

३४ फूट

क्रांती गाडीवरून मळ्यात गेली. आकाराम धारा काढून उठत होता. त्याच्या दोन म्हशी, त्यांतली एक गाभण.

"काका, चला. शाळेत सोय केलीया."

"म्हशी?"

"त्याबी आणा. रस्ता अजून हाय."

"गाभण हाय गं ती. शाळंच्या फरशीवर घसरली म्हंजे? आन एवढ्या चिखलातनं चालवू? मागल्या पुरात दोगी बोटीमागनं पव्हत आल्या, कासरं माज्या हातात. तसंच यिऊ. गोठ्यात पानी यायला बेचाळीस लागतंय. तवर माजा भाऊ बोट करतोय न्हवं?"

"करत्यात की," क्रांती म्हणाली.

परत आल्यावर तिनं आम्हाला हे सांगितलं. करत्यात, हे खोटं नव्हतं. तेवढ्यात हरिबाचा फोन वाजला, आकारामचा. हात चिकट म्हणून त्यानं स्पीकर लावायला सांगितला.

"हरबा, बोट कवा रं?"

हरिबा वाशांकडं बघत होता. आम्ही हरिबाकडं बघत होतो. तिथं आम्ही अकराजण होतो, मोजून.

"दोन दिवसात, आण्णा."

"बरं. सावकाश कर. घाई नगं."

फोन बंद झाल्यावर दादासो म्हणाला, "पाऊस उघडंल की उद्या." सगळ्यांनी माना हलवल्या.

३६ फूट

रस्ता गेला.

३७ फूट

वीज बंद केली. पुरात करावीच लागते. फोकस गेले, मशीन गेलं. हरिबानं घमेल्यात गोवऱ्या पेटवून बोटीखाली ठेवल्या. क्रांतीनं त्या पाय मारून विझवल्या.

"काका, त्या बाटलीचा भडका उडतो म्हणून तुमीच सांगितलं न्हवं?"

"मग कशानं वाळवू?" हरिबा ओरडला. "तोंडानं फुकू?"

आणि खरंच फुंकायला लागला. आम्ही हसलो. मग थांबलो, कारण तो थांबला नाही.

३८ फूट

"वासं न्हाईत तर न्हाईत," दादासो म्हणाला. "सेंट्रिंगच्या फळ्या टाका आत. आपून काय लगीन लावनार हाय का तिच्यात? जायाचं, आण्णाला घ्यायचं, यायाचं."

फळ्या टाकल्या. मागं इंजिन लावलं. देवळाच्या उतारावर कमरेएवढ्या पाण्यात बोट ढकलली. हरिबा आत, दादासो आत.

तरंगली! आम्ही ओरडलो.

मग बोटीचा तळ खालून वर आला. फुटला नाही, वर आला, दम घेताना पोट आत जावं तसा, आणि फळ्या दोघांच्या पायाखालून निसटल्या. हरिबानं इंजिनची दोरी ओढली. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, मागं कलली आणि ऊस मोडावा तसा आवाज आला.

"बंद करा!" क्रांती पाण्यात शिरली. "काका, बंद करा ते!"

आम्ही आठजणांनी बोट परत ओढली. दादासो उतरला तो थेट देवळाच्या पायरीवर बसला.

क्रांतीनं बचाव पथकाला फोन लावला. खालच्या दोन गावांतली माणसं काढून झाली की येतो, म्हणाले. म्हशी घेत नाही, म्हणाले.

३९ फूट

सकाळी फोन वाजला. दादासोनं तो हरिबाच्या तोंडापुढं धरला.

"हरबा, पानी अंगनात आलंया. ह्या टायमाला लय पळतंय, बेचाळीसची वाट बघनार न्हाई. वाळलं का रं?"

हरिबानं अंगठा टेकवला. आम्ही बघितलं.

"आण्णा," तो म्हणाला, "बोट येत न्हाई."

"उद्या?"

"उद्याबी न्हाई. तळच काढलाय मी तिचा. बसवाय येत न्हाई मला." त्यानं अंगठा बोटीच्या कडेला पुसला. "आण्णा, मी पलटणीत लंगरात, सैपाकाला हुतो. सतरा वरसं भाकऱ्या केल्या. बोटीत चढलोय फकस्त, ती बी डेगी घिऊन."

आमच्यातल्या कुणी कुणाकडं बघितलं नाही.



"म्हाईत हाय मला," आकाराम म्हणाला. "क्रांतीच्या बापाच्या लग्नात तीनशे पानाची आमटी केलीस ती का बंदुकीनं केलीस?"

"मग थांबलास कशापायी?"

"बोटीतलं मला काय कळतंय? तू म्हनलास दोन दिवसात, म्हनून थांबलो."

हरिबा खाली बसला. फोन त्याच्या डोक्यावर, दादासोच्या हातात राहिला.

"काका," क्रांती वाकून म्हणाली, "पथक येतंय. तुमी माळ्यावर चढा. आन म्हशी—"

"म्हशींचं मी बघतो," आकाराम म्हणाला.

४० फूट

हरिबानं डबा उघडला. उरलेलं रेझिन ओतलं, जांभळी बाटली टाकली, ढवळलं, दुसरी टाकली, चटई कापली, अंथरली, ब्रशनं दाबली. कडेपासून कडेपर्यंत, नीट, एकही बुडबुडा न ठेवता. पाऊस पडत होता. चटईवर पांढरे डाग उठत होते. कुणी त्याला थांबवलं नाही. थांबवून दुसरं काय करायला लावणार होतो?

४१ फूट

दुपारी तीन वाजता रबरी बोट देवळाच्या उताराला लागली. आकाराम लाल जाकीट घालून मध्ये बसला होता. मांडीवर दोन कासरे होते, नुसते, व्यवस्थित गुंडाळलेले.

पथकातल्या माणसानं हात दिला, पण तो स्वतःच उतरला. क्रांतीनं चादर टाकली. कुणीतरी चहा आणला. त्यानं घेतला. हरिबा समोर उभा होता, कोपरापर्यंत रेझिन, त्याला चिकटलेले काचेचे धागे.

आकारामनं चहा संपवला.

"गोठ्यात पानी आलं तशा सोडल्या दोगी," तो म्हणाला. "एक गेली बाभळीपत्तुर, शिंगं दिसत हुती. गाभण हुती ती फिरली मागं. गोठ्याच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायली. हाकलली, दगड मारला. न्हाई हलली."

"आण्णा—"

"आता तिच्या गळ्याला लागलं असंल."

पाऊस थोडा कमी झाला. मोबाइल वाजले, सगळ्यांचे एकदम. कुणी बघितलं नाही.

"चौतीसला सांगितलं असतंस," आकाराम म्हणाला, "तर रस्त्यानं आनल्या असत्या रं."

एवढंच. आवाज चढवला नाही. हरिबानं मान हलवली आणि हलवतच राहिला.

चौतीसला आम्ही अकराजण तिथंच उभे होतो. हे कुणी बोललं नाही.