परातीत अडकलेली नारिंगी गाडी

मुलांनो, जरा डोळे मिटा. बोटांच्या फटीतून बघू नका, नीट मिटा. आता असं समजा की समोर एक डोंगर आहे आणि त्यावर इतका बर्फ पडलाय की उंच झाडांचे नुसते शेंडे वर दिसताहेत. पायी गेलात तर कमरेपर्यंत रुताल. त्या डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही एका गाडीवर उभे आहात. बसलेले नाही, उभे. गाडीला चाकं नाहीत. पुढे दोन रुंद फळ्या आहेत, मागे दातेरी, लांबलचक रबरी पट्टा आहे. उजव्या अंगठ्याखाली एक खटका आहे. तो दाबला की...

थांबा, एवढ्यात दाबू नका. आधी ही गाडी कोणाची ते ऐका.

ती आर्डिथ पेनरची. आमच्या हॉलोवे क्रीकमध्ये आर्डिथ शाळेची बस चालवते. चौपन्न वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. बसमध्ये कोणी जागेवरून उठलेलं तिला खपत नाही. पण शनिवार उजाडला की ती निराळीच होते. गेल्या हिवाळ्यात तिनं टर्बो इंजिनाची नारिंगी डोंगरी स्नोमोबाइल आणली, आणि तेव्हापासून गावात कोणी तिची तब्येत विचारत नाही. "लेकरू कसं आहे?" असंच विचारतात. लेकरू गॅरेजमध्ये गोधडी पांघरून झोपतं आणि आर्डिथचा ट्रक बाहेर बर्फात उभा असतो. सीटवर कोणी कॉफीचा कप टेकवला तर आर्डिथ आधी कपाकडे बघते, मग माणसाकडे. माणूस कप उचलतो.

"इंजिन गरम झाल्याशिवाय हलायचं नाही," ती भाचीला सांगते. "तुला भर झोपेतून उठवून कोणी पळायला लावलं तर चालेल का?"

भाची म्हणजे ब्रिन. आर्डिथच्या भावाची, लॉर्नची मुलगी. वय अकरा. तिची स्वतःची गाडी लहान आणि जुनी आहे, शिवणयंत्रासारखी टुकटुकत चालते. लॉर्नची गाडी त्याहून जुनी. ती लाकडं ओढायची आहे आणि तिला आर्डिथ खटारं म्हणते.

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी हे तिघं परातीच्या तोंडाशी जाऊन पोहोचले. परात म्हणजे डोंगराच्या पोटातला एक मोठा खोलगट उतार. वर काळे कडे आणि कड्यांवर वाऱ्यानं बाहेर काढलेले बर्फाचे छज्जे. ऊन चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"लॉर्न, खटारं वर आणतोस का?" आर्डिथ हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली.

"माझं खटारं मला संध्याकाळी घरी पोहोचवतं. तू तुझ्या लेकराचं बघ."

"अगं ब्रिन, तुझ्या बापाला जळताना बघायचं असेल तर डोळे उघडे ठेव."

ब्रिन आणि लॉर्न कडेच्या दाट झाडांत, गाड्यांची नाकं खालच्या दिशेला करून उभे राहिले. हा आमच्याकडचा नियम आहे. उतारावर एका वेळी एकानंच जायचं. बाकीच्यांनी आडोशाला थांबून बघायचं. वर कोणी रुतलं तर मदतीला धावायचं नाही, कारण दोघांच्या वजनानं बर्फ सुटू शकतो, आणि मग एकाच्या जागी दोघांना शोधत बसावं लागतं. आणि शेवटचा नियम, जो मी शाळेच्या हॉलमध्ये तीस वर्षं पोरांना शिकवत आलोय: बघणाऱ्यांपैकी एकानं जरी "उतर" म्हटलं, तरी वरच्यानं गाडी सोडून बाजूला यायचं. म्हणणारा लहान असो की मोठा. कारण विचारायचं नाही. वाद खाली आल्यावर घालायचा.

आता दाबा तो खटका.

नारिंगी गाडी गरजली आणि ब्रिनला तो आवाज कानांच्या आधी छातीत ऐकू आला. पट्ट्यामागून बर्फाचा फवारा झाडाएवढा उंच उडाला. आर्डिथ सरळ वर गेली, मग दोन्ही पाय एकाच बाजूला आणून तिनं गाडी कडेवर तिरकी केली. ती तशीच अख्ख्या उताराला आडवी कापत निघाली, एक फळी हवेत, दुसरी बर्फात. एवढी जड गाडी, पण आत्या तिला दोन बोटांनी धरून नाचवत असावी असं वाटत होतं. तिनं वळण घेतलं, पुन्हा वर, आणखी वर.

"बाबा, बघ ना. बाबा, बघतोयस ना?"

"बघतोय. चिडायचं नाही असं ठरवलंय मी."

आर्डिथ कड्यांच्या खाली पोहोचली. तिथला बर्फ उन्हानं ओलसर झाला होता. पुढे एक उंचवटा दिसला म्हणून तिनं अंगठा क्षणभर ढिला केला. एवढं पुरलं. मागचा पट्टा गरगर फिरत स्वतःसाठीच खड्डा खणत गेला, आणि गाडी नाक आकाशाकडे करून सीटपर्यंत रुतली.

एकदम शांत झालं. ब्रिननं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"आत्या, लागलं का?"

"मला काही नाही झालं. लेकराला मात्र लाज वाटतेय. दहा मिनिटं दे, खणून काढते."

आर्डिथनं पाठीवरचं फावडं काढलं आणि खणायला लागली. ब्रिन बघत होती. बघणं हेच तिचं काम होतं. आणि बघता बघता तिला कड्याखालून बर्फाचा एक गोळा घरंगळत येताना दिसला, लिंबाएवढा. मागे रेघ ओढत तो आर्डिथच्या बाजूनं खाली गेला. मग आणखी तीन आले. मग एक चांगला फुटबॉलएवढा.

"बाबा, ते गोळे..."

"दिसले मला." लॉर्ननं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "बर्फ सैल होतोय. पण मला वाटतं, अजून पंधरा मिनिटं काढेल."

"खात्री आहे तुझी?"

"नाही. तुझी?"

"माझीही नाही."

वॉकीटॉकी ब्रिनच्या हातात होता आणि लॉर्ननं तो मागितला नाही.

मुलांनो, ब्रिनच्या मनात काय चाललं असेल ते सांगा. वर आत्या आहे, जी या गाडीवर जीव टाकते. आत्ता "उतर" म्हटलं तर ती गाडी तिथंच टाकून येईल. नंतर बर्फ सुटला तर गाडी त्याच्यासोबत खाली जाऊन तिचे तुकडे होतील, आणि नाही सुटला तर सगळे म्हणतील की पोरीनं उगाच घाबरून घोटाळा केला. आणि म्हटलं नाही तर?

आणखी एक गोळा आला. हा वाटेतच फुटला.

"आत्या, उतर."

वॉकीटॉकीत नुसती खरखर.

"ब्रिन, पट्ट्याचा पुढचा भाग मोकळा झालाय माझा."

"उतर आत्या. झाडांकडे ये."

वर आर्डिथ नारिंगी ठिपक्याशेजारी उभी दिसत होती. तिनं फावडं पाठीला लावलं. सीटवर एकदा हात ठेवला. मग आडवी चालत, प्रत्येक पावलाला गुडघाभर रुतत, ती कडेच्या झाडांकडे निघाली. पोहोचायला सात मिनिटं लागली.

आणि काहीच झालं नाही.

वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. परात तशीच चमकत राहिली आणि तिच्या मधोमध लेकरू तसंच नाक वर करून बसलं.

"बर्फ सुटला नाही," आर्डिथ म्हणाली.

"हो."

"पाच मिनिटांचं काम उरलंय. जाऊन येऊ?"

"नको," ब्रिन म्हणाली. तिचा आवाज फार बारीक निघाला. लॉर्नला नेमकं तेव्हाच आपल्या बुटाच्या नाडीत काहीतरी सापडलं.

आर्डिथ खटाऱ्यावर, भावाच्या मागे बसून गावात आली. पेट्रोल पंपावर म्हातारा व्हर्जिल वाटच बघत होता.

"आर्डिथ, लेकरू कुठं विसरलीस?"

"परातीत."

"आणि तुला खाली कोणी बोलावलं? लॉर्ननं?"

"ब्रिननं."

"ही? ही तर माझ्या पंपाच्या नळीएवढी आहे. अन् तू ऐकलंस?"

"ऐकायचं नसतं, तर तुझ्यासारखी इथं खुर्ची टाकून बसले असते. पेट्रोल भर."

व्हर्जिल हसला, लॉर्नही हसला. ब्रिन हसली नाही. घरी जाताना तिनं विचारलं, "आत्या, दुपारी ऊन वाढलं आणि सगळं खाली आलं तर?"

"तर गाडी गेली."

"माझ्यामुळे?"

आर्डिथनं यावर बराच विचार केला. "मी तिथं अंगठा उचलला. ती चूक माझी. तू गोळे बघितलेस आणि बोललीस. यात तुझी चूक कुठं बसते, ते मला सापडत नाही." मग ती म्हणाली, "पण वाईट वाटतंय मला. खोटं कशाला बोलू."

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. उणे चौदा. हे बरं होतं, कारण थंडीत ओला बर्फ घट्ट धरतो. सात वाजता तिघं परातीच्या तोंडाशी होते, आणि नारिंगी ठिपका जागच्या जागी होता. सूर्य समोरच्या डोंगरामागून वर यायचा होता. ऊन कड्यावर पडलं की कालचाच खेळ पुन्हा सुरू होणार होता.

"खूण ठरव," आर्डिथ तिला म्हणाली. "नंतर भांडण नको."

ब्रिननं दुर्बिणीतून कडा नीट पाहिला. "ते दोन काळे दगड दिसतात ना? वरच्या दगडाला ऊन लागलं की मी तुला सांगेन. खालच्याला लागलं की उतर."

"कबूल."

आर्डिथ झाडांच्या कडेनं चढली आणि आडवी चालत गाडीपाशी गेली. आज बर्फावर पाय वाजत होते. पण गाडीभोवतीचा कालचा ओला बर्फ रात्रीत दगड झाला होता. ती करवतीनं कापत होती, फावड्यानं उचकत होती, पट्ट्याच्या दातांत अडकलेले तुकडे हातानं ओढून काढत होती. एक तास गेला, मग दीड. फळीला दोर बांधून तिनं पूर्ण वजनानं ओढलं. गाडी हलली, कुरकुरली, आणि हळूहळू गोल फिरून नाक खालच्या दिशेला आलं.

"आत्या, वरच्या दगडाला ऊन लागलं."

"ऐकलं."

आर्डिथनं इंजिनाची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सहा वेळा, सात वेळा. खाली झाडांत तो कोरडा खर्र आवाज ऐकू येत होता. उन्हाची रेघ दगडाच्या मानेवरून पोटावर आली.

"हवेच्या वाटेत बर्फ गेला असेल," लॉर्न पुटपुटला. "झाकण काढ, झाकण काढ."

आर्डिथनं जणू ते ऐकलंच. तिनं बाजूचं झाकण काढलं, हातमोजा तोंडात धरला, उघड्या बोटांनी आतला बर्फ खरवडून काढला. झाकण परत बसवलं. उन्हाची रेघ दोन दगडांच्या मधल्या पट्टीवर आली. ब्रिनचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता आणि डोळे दगडावरून हलले नाहीत.

नववी ओढ. गाडी खोकली. दहावी.

परात दुमदुमली. आर्डिथनं इंजिन गरम होईपर्यंत थांबण्याचा आपला नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. ती खाली सुटली, गोठलेल्या बर्फावरून पट्टा कडकड वाजवत, मग कडेच्या सावलीतल्या मऊ बर्फात शिरून, पांढऱ्या ढगात दिसेनाशी होत, पुन्हा बाहेर येत. हेल्मेटच्या आत ती ओरडत होती. काय ओरडत होती ते कळत नव्हतं, पण लॉर्नही ओरडायला लागला आणि मग ब्रिनही.

झाडांपाशी येऊन आर्डिथनं गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. चेहरा लालभडक झाला होता.

"किती वेळ उरला होता?"

"चार मिनिटं. पाच असतील."

"अन् सुरू झाली नसती तर?"

"तर उतर म्हटलं असतं."

"कालसारखंच?"

"कालसारखंच."

आर्डिथनं गाडीकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं. "मी आलेही असते," ती म्हणाली. "शिव्या देत आले असते, पण आले असते."

तेवढ्यात वरच्या कड्याखालून पहिला गोळा घरंगळत आला. तिघांनीही तो पाहिला. आणि त्याच वेळी खालच्या वाटेनं इंजिनांचा आवाज आला. पाच कोऱ्या करकरीत गाड्या, पाच दांडगी माणसं, गावात कधी न दिसलेली. ती थेट परातीच्या तोंडाकडे येत होती, आर्डिथनं नुकत्याच कापलेल्या मागाकडे बोट दाखवत.

लॉर्ननं वॉकीटॉकी उचलला, पण त्यांचा चॅनल कोणता हे कोणाला माहीत? आर्डिथ हातमोजे शोधत होती.

ब्रिन कोणाला विचारायला थांबली नाही. तिनं आपली टुकटुकणारी गाडी खाली नेली, परातीच्या तोंडाशी त्या पाचजणांच्या वाटेत आडवी लावली, इंजिन बंद केलं, सीटवर चढून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.