गच्चीवरचा श्वास

केदारनाथला पायी जायचं ठरलं, तेव्हापासून सावित्रम्मा रोज सकाळी नवऱ्याला गच्चीवर दीर्घ श्वास घ्यायला बसवू लागल्या. सात रस्ता चौकातले शेजारी दुकानदार हसायचे, पण वीरभद्रप्पा निमूट बसायचे.

त्या उन्हाळ्यात गौरीकुंडापासून केदारनाथचा चढ लागला आणि धाप लागली ती सावित्रम्मांनाच. वीरभद्रप्पांनी त्यांना दगडावर टेकवलं.

“हळू सोड श्वास. घाई न्हाय आपल्याला.”

“तुमाला कसं जमतंय ओ?”

“तू मला बसवायचीस आणि माझ्या चहासाठी खाली पळायचीस की. तुझा श्वास घ्यायचा राहिला.”

सावित्रम्मांना हसू आलं. मग नवऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घेत, त्यांचा हात धरून त्या सावकाश चढल्या. संध्याकाळच्या आरतीला दोघं देवळात पोचले.