फलटणची हुलकावणी

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या त्या घरात सहा विद्यार्थ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर होतं, आणि भार्गवी तिथे चोरासारखी वावरायची. कुणी आलं की शेगडीवरचा कुकर उचलून सरळ आपल्या खोलीत. फलटणहून एमएस करायला आलेली ही मुलगी घरी असताना अख्खी आळी डोक्यावर घ्यायची. इथे मात्र तिचा आवाज कुठे गडप झाला ते तिचं तिलाच कळेना. वर्गातली मुलं चांगली होती, पण त्यांच्याबरोबर साधी कॉफी प्यायची तरी आठवडाभर आधी वार ठरवायचा, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. आईला ती फोनवर "सगळं मस्त चाललंय गं" म्हणायची, आणि फोन ठेवला की ब्रेडला चीज लावून भिंतीकडे बघत खायची.

एका संध्याकाळी ती कुकर घेऊन निघाली, तर शेजारच्या खोलीतली फेम्के दारातच उभी. फेम्के सहा फूट उंच आणि तितकीच सरळ बोलणारी.

"आम्ही आलो की तू पळून का जातेस?"

"तुम्हाला अडचण नको म्हणून."

"अडचण झाली तर आम्ही सांगू ना. तू पळालीस की वाटतं, तुला आमच्याशी बोलायचंच नाहीये."

भार्गवीची कानशिलं तापली. असं तोंडावर कुणी बोलतं का? पण त्या रागानेच तिचा आवाज परत आणला.

"पळते तर पळते! पळायला लागले की आमच्या जिल्ह्यात कुणी मला हात लावू शकत नव्हतं!"

फेम्के हसलीच. मग कुकर ओट्यावर ठेवून भार्गवीला खो-खो समजावून सांगावा लागला. ती साताऱ्याच्या संघातून खेळायची. बारावीचं वर्ष आलं आणि बूट माळ्यावर गेले.

"गुरुवारी माझ्याबरोबर चल," फेम्के म्हणाली. "आमच्या कॉर्फबॉलच्या संघात एक मुलगी कमी आहे."

कॉर्फबॉल म्हणजे उंच खांबावर टोपली, आणि त्या टोपलीत चेंडू टाकायचा. संघात मुलगे आणि मुली निम्मे निम्मे. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आणि आपल्यावर पहारा देणारी मुलगी समोर हात उंचावून उभी असेल तर नेमही धरायचा नाही. ऐकायला सोपं. पहिलाच चेंडू छातीशी धरून भार्गवी सुसाट पळाली आणि शिट्टी वाजली. दुसऱ्यांदाही तेच. टोपलीपर्यंत तर तिचा एकही चेंडू पोचला नाही.

शेवटी प्रशिक्षक हार्म तिच्यापाशी आला. "तुझा नेम वाईट आहे," तो शांतपणे म्हणाला. "फारच वाईट. पण आज तुला एकदाही कुणी अडवू शकलं नाही. पुढच्या गुरुवारी ये."

परतताना समोरून असा वारा होता की सायकल जागची हलेना, आणि डोळ्यांतलं पाणी वाऱ्याचं की दुसऱ्या कशाचं हे कळायला मार्ग नव्हता. पण पुढच्या गुरुवारी ती गेली. त्याच्या पुढच्याही. सरावाच्या आधी जाऊन फेम्केकडून चेंडू घ्यायचा आणि धावता धावता खालून दोन्ही हातांनी वर सोडायचा, हे तिने हात दुखेपर्यंत केलं. आता घरी ती जेवायलाही सगळ्यांबरोबर टेबलाशी बसू लागली. मोहरीच्या फोडणीने ठसका लागतो असं फेम्केने एकदा सांगितलं. भार्गवीने खिडकी उघडली आणि विषय संपला.

फेब्रुवारीत क्लबच्या हॉलमध्ये शेजारच्या गावच्या संघाशी सामना लागला. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली. भार्गवीचे दोन नेम चुकले होते. तिच्यावर पहारा देणारी मुलगी दांडगी होती. हात पसरले की मागचं काही दिसायचंच नाही. फेम्के चेंडू घेऊन खांबापाशी उभी होती, आणि त्या खांबाकडे बघता बघता भार्गवीला एकदम फलटणच्या मैदानावरचा खांब दिसला. लाल माती, चुन्याच्या रेघा, मागून धापा टाकत येणारी पाठलाग करणारी पोर.

ती सरळ खांबाच्या दिशेने धावली. खांदा उजवीकडे टाकला, पावलं डावीकडे वळवली. पहारेकरीण उजवीकडे गेली ती गेलीच. "फेम्के!" भार्गवी ओरडली, इतक्या जोरात की अख्खा हॉल दचकला. चेंडू हातात आला आणि खालून अलगद वर गेला. टोपलीच्या कडेवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

पुढच्या वेळी त्या मुलीने डावी बाजू धरून ठेवली. भार्गवी उजवीकडून गेली. परत टोपली!

शिट्टी वाजली तेव्हा फेम्केने तिला उचलून गरगर फिरवलं. हरलेली ती पहारेकरीण घाम पुसत आली आणि हात पुढे करून म्हणाली, "हे कुठे शिकलीस?"

"फलटणला," भार्गवी म्हणाली. जगात सगळ्यांना फलटण ठाऊक असतंच, अशा थाटात.

क्लबच्या कँटीनमध्ये पुरण भरावं तसं चीज भरून तळलेल्या गरम चकत्या समोर आल्या, आणि जो तो येऊन तिच्या पाठीवर थाप मारून गेला. हार्म शेवटी आला.

"नेम सुधारला," तो म्हणाला. "आणि पुढच्या शनिवारी कँटीनमधल्या कॉफीचं काम तुझ्याकडे. इथे प्रत्येक खेळाडूला करावं लागतं."

"प्रत्येक खेळाडूला?"

"हो. मग?"

"नाही, काही नाही," भार्गवी म्हणाली. तिचं हसू आवरत नव्हतं. "करते की. पण कॉफीबरोबर चहा पण होईल. आणि तो माझ्या पद्धतीने."