रुसायची खोली

म्हातारीच्या परसातली कोळशाची खोली म्हणजे गल्लीचं रुसायचं ठिकाण. कोळसा कधीच संपला, रुसवे काही संपले नाहीत. बायकोनं घराबाहेर काढलेला न्हावी तिथे येऊन बसायचा, भावजयीशी वाजलं की शिंपीण यायची. एकदा तर एकमेकांवर चिडलेले नवराबायको अंधारात दोन कोपऱ्यांत बसून राहिले, आणि तो शिंकला तेव्हा तिला पत्ता लागला! कायदा एकच: आतून कडी लागली की बाहेरच्यानं हाक मारायची नाही.

पुढे खोलीचं छप्पर कोसळलं, आणि जो तो आपापल्या घरात रुसायला लागला.

म्हातारीनं ती खोली पुन्हा उभी करायला गवंडी बोलावला तेव्हा लेक खूश झाला. "बरं केलंस आई, माझी मोटारसायकल ठेवता येईल."

"का? तुझी मोटारसायकल रुसते?"

खरं कारण ती थोडंच सांगणार! सून न्हाणीघरात नळ सोडून रडते, हे तिनं ऐकलं होतं. "वेगळं घर बघा," असं नवऱ्याला म्हणाली, तेही ऐकलं होतं. रडवणारी जीभ कोणाची, हे काय तिला कळत नव्हतं? पण जीभ आता या वयात कुठली वळायला. निदान भिंती तरी उभ्या कराव्यात.

छप्पर चढलं, दार बसलं. गवंड्यानं कडी बाहेरून ठोकली.

"आतून लाव."

"अडगळीच्या खोलीला आतून कडी कशाला, आजी?"

"लग्न झालंय ना तुझं? मग विचारतोस काय!"

सून चौकटीला हौसेनं रंग देत होती. पोपटी. म्हातारीच्या तोंडून सुटलंच, "पोपट पाळायचाय का आत?"

सुनेनं ब्रश आपटला, आत गेली, कडी लावली.

लेक धावला. म्हातारीनं त्याचा सदरा मागून धरला. "हाक मारशील तर याद राख."

"अगं, ती जेवली नाहीये!"

"ताट दाराशी ठेव आणि चालता हो."

म्हातारी विटांवर बसली. आता बाहेर येऊन ही सामान भरायला लागली तर?

बऱ्याच वेळानं आतून चोंदल्या नाकाचा आवाज आला. "अंधार आहे इथे. मला खिडकी हवी."

म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

"आता?" गवंडी म्हणाला. "गिलावा अजून ओला आहे."

"मग फोडायला सोपं. कुठल्या बाजूला गं?"

"तुमचा आवाज येणार नाही त्या बाजूला!"

"ऐकलंस ना?" म्हातारी गवंड्याला म्हणाली. "पलीकडची भिंत फोड."