कौलारू कोर्टातला पुकारा

"रखमाबाई धोंडीबा, हाजिर होऽऽ!"

तिसऱ्या मजल्यावर कोर्टाचा पट्टेवाला उत्तम याचा आवाज सिमेंटच्या भिंतींवर आपटून तिथंच फुटला. शहाडची रखमाबाई जिन्यापाशी बसली होती. ती चौकशी करत आत आली, तोवर दावा गैरहजेरीत निकाली निघाला होता.

"साहेब, मी हितंच होते की! कुनी हाकच नाय मारली."

न्यायाधीश साहेबांनी दावा पुन्हा बोर्डावर घेतला आणि उत्तमला म्हणाले, "उद्यापासून पुकारा धाकू करील. तुम्ही रेकॉर्डरूम बघा."

कल्याणचं हे कोर्ट उत्तमच्या वडिलांच्या काळी भाड्याच्या माडीवर भरे. पुढं कौलारू इमारत झाली. तिच्या ओट्यावरून उत्तमनं वीस वर्षं पुकारा केला. त्याची हाक गेली की समोरच्या हॉटेलातले पक्षकार अर्धा चहा टाकून धावत. ही नवी तीनमजली इमारत एकोणनव्वदची.

धाकू नवा पट्टेवाला, खाडीकाठचा कोळी. पुकारा कसा करायचा, हे त्याला उत्तमनंच शिकवलेलं. आता वकील म्हणत, "काय खणखणीत गळा आहे!" आणि तो गळा तळमजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्येही येई. उत्तम दार लावून घेई. तरी येई.

"त्याला आवाज आहे, त्यात तुमचं काय गेलं?" बायकोनं, शेवंतीनं, एकदा विचारलं. उत्तम अर्ध्या ताटावरून उठला.

एका संध्याकाळी तो जुन्या कोर्टावरून निघाला होता. मजूर कौलं उतरवत होते. निम्मं छप्पर गेलेलं. तो ओट्यावर चढला. पूर्वी आरोपींना बोलवी तसा छाती भरून ओरडला,

"धाकू दामाजी कोळी, हाजिर होऽऽ!"

आवाज उघड्या छपरातून वर गेला. मजुरांनी खाली पाहिलं. उत्तमनं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा गळा चिरकला.

फाटकातून धाकू धावत आला, हातात जेवणाचा डबा.

"काय झालं काका? बरं नाय वाटत?"

ज्याला आरोपी म्हणून बोलावलं, तो समोर धापा टाकत उभा होता.

"कुठं होतास?"

"नाक्यावर. रिक्षात बसत होतो."

"तिथवर ऐकू आलं?"

"आलं ना. माझंच नाव होतं."

उत्तमनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं बोलतोय का, ते कळेना. वरून उतरवलेली कौलं खाली एकावर एक रचली जात होती.

"काम काय होतं, काका?"

"काही नाही," उत्तम ओटा उतरत म्हणाला. "जा तू. रिक्षा निघून जाईल."