मुख्य चालक

गाडीच्या विम्याचा फॉर्म अप्पा दरवर्षी जेवणाच्या टेबलावर भरत. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खिशातलं लाल पेन आणि मोत्यासारखं अक्षर कायम होतं. यंदा फॉर्मात एक नवा रकाना आला होता, ‘गेल्या सहा वर्षांत गाडी मुख्यतः कोणी चालवली?’ अप्पांनी तिथे बेधडक धाकट्या मुलाचं नाव लिहिलं, आणि समोर बसलेल्या थोरल्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अप्पा, तो महिन्यातून दोन रविवार गाडी काढतो. रोज मी चालवते.”

थोरली फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरोघरी जाऊन उठवायचं, बसवायचं, चार पावलं चालवायचं, हे तिचं काम. ऊन असो, पाऊस असो, गाडी तिच्याच हातात. सहा वर्षांत विम्याचा एक क्लेम नाही, त्यामुळे हप्ता निम्म्यावर आलेला. पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणार होती आणि त्यासाठी एक जुनी गाडी तिने बघूनही ठेवली होती. एजंटबाई आदल्या दिवशीच सांगून गेल्या होत्या, की या रकान्यात ज्याचं नाव असेल त्यालाच कंपनी सहा बिनक्लेम वर्षांचं पत्र देईल आणि ती सवलत त्याच्या नव्या गाडीला लागेल. पत्राशिवाय पूर्ण हप्ता भरणं थोरलीला झेपणारं नव्हतं. गाडी नाही तर स्वतःचं कामही नाही, इतका सरळ मामला होता.

“धाकट्याची बदली झाली आहे, त्याला गाडी लागेल,” अप्पा म्हणाले. “तू काय, उद्या लग्न करून जाशील. तुझ्या नवऱ्याकडे असेलच की गाडी.”

“म्हणजे सहा वर्षं मी सांभाळून चालवली ती त्याच्यासाठी?”

“सांभाळून? चार वर्षांपूर्वी दरवाजा कोणी चेपवला होता?”

दरवाजा थोरलीने चेपवला नव्हता. तेव्हाही तिने कंठशोष करून सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? सवलत जाऊ नये म्हणून क्लेम केला नाही आणि दुरुस्ती तिच्या पगारातून झाली. घरोघर हेच चालतं. राबायला मुलगी, चूक झाली की मुलगी, आणि नाव लावायची वेळ आली की मुलगा. वर त्याला घराण्याचं भलं म्हणायचं.

धाकटा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

आई आतून गाडीची वही घेऊन आली. अप्पांचा घरात दंडकच होता, की गाडी जो काढेल त्याने तारीख आणि जाता-येताचं मीटर वहीत लिहायचं. आईने चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली.

“हे अक्षर हिचं. हेही हिचं. दर पानात धाकट्याच्या जेमतेम दोन ओळी. अहो, तुम्ही जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्यात ना? मग इथे एकीने सोडवलेल्या पेपरावर दुसऱ्याचा नंबर टाकताय, याला काय म्हणायचं?”

“घरातल्या घरात काय फरक पडतो?” अप्पा पुटपुटले.

“तिला पडतो. आणि हे चार वर्षांपूर्वीचं पान बघा. शनिवारी संध्याकाळी हिने गाडी लावली तेव्हा मीटर एकेचाळीस हजार दोनशे आठ. सोमवारी सकाळी काढली तेव्हा दोनशे एकोणीस. मधले अकरा किलोमीटर गाडी आपल्या पायांनी फिरून आली का?”

त्याखाली थोरलीच्या अक्षरात होतं, ‘सकाळी दरवाजा चेपलेला दिसला.’ आणि त्याखाली लाल शाईत अप्पांचा शेरा होता, ‘यापुढे काळजी घे.’

धाकट्याने मोबाइल खाली ठेवला.

“मीच होतो, अप्पा. रविवारी मित्राला सोडायला गेलो होतो, खांबाला घासली. तुम्ही ताईलाच ओरडलात, मग मी गप्प बसलो.”

“चार वर्षं गप्प बसलास!” थोरली कडाडली. “माझ्या पैशाने दार सरळ झालं आणि तू त्याच दारातून आत-बाहेर करत राहिलास.”

“चुकलं, ताई. ते पैसे मी देतो. पत्र तुझंच आहे.”

अप्पांनी तो लाल शेरा पुन्हा वाचला. हजारो पोरांचे पेपर त्यांनी तपासले, पण स्वतःच्या लेकीचं एक पान त्यांनी न वाचताच तपासलं होतं. त्यांनी फॉर्मावरचं नाव खोडलं, तिथे थोरलीचं लिहिलं. मग वही ओढली, जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘मीटर पाहिलं नाही. चूक माझी.’ मोत्यासारखं अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं आलं.

थोरलीचा राग लगेच निवला नाही, आणि तो निवावा तरी का? तिने सहीच्या जागी बोट ठेवलं. “वरील माहिती खरी आहे, असं छापलंय. आता करा सही.”

वाचकहो, असा फॉर्म तुमच्याही घरी आज ना उद्या येईल. घरातली गाडी सगळ्यांची असते, पण ती जपणारे हात एखाद्याचेच असतात. रकाना भरण्याआधी त्या हातांकडे बघा, आणि नाव त्यांचंच लिहा.

सकाळचे साडेआठ वाजले होते. पेशंट वाट बघत होता. थोरलीने किल्ली उचलली, वहीत नेहमीसारखी तारीख घातली आणि मीटर बघायला खाली गेली.